डोळे मिटून घेतलेली सुट्टी

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी माईच्या लेकाला छापखान्यातून आठ दिवस सुट्टी घ्यायला लावली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो डोळे मिटून, कानाला फोन लावून पडलेला दिसला. गाणी ऐकतोय, जरा विसावला बिचारा, असं वाटून माई चोरपावलांनी परत फिरणार, तोच तो पुटपुटला, "डावीकडचा रोलर. बेअरिंग गेलंय."

माईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तीन दिवस हेच चाललं होतं! छापखान्यातले लोक चालू यंत्रापाशी फोन धरायचे आणि हा गादीवरून नुसत्या आवाजावर बिघाड सांगायचा. त्याच्यासारखा कान तिथे दुसऱ्या कुणालाच नव्हता.

"अगं, पडूनच तर आहे मी," तो म्हणाला.

"अंग पडलंय रे मेल्या, जीव तिकडे रोलरबरोबर गरगरतोय!" तिने फोन हिसकावला.

पलीकडून फोरमन अजिजीने म्हणाला, "माई, दोनच मिनिटं द्या त्याला."

"दोन मिनिटं तूच दे. तुम्हाला आवाजावरून सगळं कळतं ना? मग हे ऐक." तिने फोन लेकाच्या छातीवर दाबून धरला. "सांग आता, यातलं काय गेलंय? आणि त्याचा पार्ट कुठल्या दुकानात मिळतो?"

फोनमधला खडखडाट हळूहळू थांबला. "बंद केलं यंत्र," फोरमन ओशाळून म्हणाला. "तो येईपर्यंत बंदच राहील."

माईने फोन कमरेला खोचला. लेक तोंड उघडणार, तेवढ्यात ती कडाडली, "कूस बदल आणि झोप. आता कान टवकारलेस तर माझ्या शिव्याच ऐकशील!"