पिवळा बिल्ला कुणाचा

त्या सकाळी फ्यूजकाका आणि काकू, दोघांनाही पिवळाच बिल्ला मिळाला. पण हे अजून झालंच नाही असं समजा. अजून दोघं जिन्यातच आहेत आणि काका काकूंचा हात धरून त्यांना वर नेतायत. काकूंचं म्हणणं, हात त्यांनी धरलाय.

संस्था ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर होती. विसरण्याचा आजार झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार द्यायचा, हे तिचं काम. पद्धत सोपी. आजार ज्याला, त्याला निळा बिल्ला आणि डावीकडची खोली. सोबत आलेल्याला पिवळा बिल्ला आणि उजवीकडची. डावीकडे गाणी, पत्ते, हसण्याचा दंगा. उजवीकडे सगळे गप्प, मध्ये रुमालांचा खोका. आजारी नक्की कुठल्या खोलीतले, या प्रश्नानं नवा माणूस हटकून बुचकळ्यात पडायचा.

फ्यूजकाकांचा उभा जन्म वायरमनकीत गेला होता. रिटायर झाले तरी कुणाकडे गेले की आधी मीटर बघायचे, मग माणसं. काकू कचेरीत हेडक्लार्क होत्या. त्यांनी वाण्यालाही कधी 'साखर द्या' म्हटलं नाही, 'साखर मिळावी' म्हटलं.

टेबलामागच्या स्वयंसेवक ताईंनी एक निळा, एक पिवळा असे बिल्ले पुढे केले. दोन हात आले, दोन्ही पिवळ्यावर.

"अहो, तो माझा," काकू म्हणाल्या. मग ताईंकडे झुकून हळूच, "यांचं हल्ली असंच होतं."

काकांनी ताईंना डोळ्यानं खुणावलं. हिच्या होला हो म्हणा, पण निळा हिलाच लावा, असा त्या खुणेचा अर्थ होता. काकांच्या डोळ्यात कचरा गेला असं समजून ताईंनी पाण्याचा ग्लास दिला.

ताईंना दिलेल्या प्रशिक्षणात हा प्रसंग नव्हता. त्यांनी, हे सुरू कसं झालं, असं विचारून बघितलं. काकांनी इस्त्रीचं सांगितलं. काकूंनी कपाट समजून इस्त्री फ्रीजमध्ये ठेवली होती, लोण्याच्या डब्याशेजारी. काकूंनीही इस्त्रीचंच सांगितलं. फ्रीज तोच, लोणी तेच, फक्त ठेवणारे काका. वर म्हणे, 'गार व्हायला ठेवलीय.'

हे वाक्य काकांना ओळखीचं वाटलं. कुणीतरी म्हटलं होतं खरं, आणि मुद्दा बिनतोड होता, गरम इस्त्री गारच करायची असते. इतका बिनतोड मुद्दा त्या घरात दुसरं कोण काढणार?

निळ्या खोलीला त्यांची ना नव्हती, पत्ते त्यांना आवडायचे. पण आपण निळे झालो तर हिच्याकडे बघणार कोण? झोपताना गॅस बंद आहे का ते बघायला उठणार कोण? रोज तेच उठायचे. कशाला उठलो ते आठवेपर्यंत काकू गॅस बघून परत आलेल्या असायच्या, ही गोष्ट वेगळी.

ताईंनी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुलीनं विचारलं, दोघांतलं आलंय कोण? दोघंही, असं ताईंनी सांगितलं. मग मुलगी म्हणाली की तिनं आईला सांगितलं होतं, बाबांना घेऊन जा, आणि बाबांना सांगितलं होतं, आईला घेऊन जा. एरवी एकानंही पाऊल उचललं नसतं.

"पण डॉक्टरांनी आजार कुणाला सांगितलाय?" ताईंनी विचारलं.

"दोघांना. समोर बसवून सांगितलंय."

डावीकडच्या खोलीत कुणीतरी गाण्याचं पहिलंच कडवं पुन्हा सुरू केलं. ताईंनी फोन ठेवला, खणातून आणखी एक पिवळा बिल्ला काढला आणि दोघांनाही लावून टाकला.

काकू खूश झाल्या. काका झाले नाहीत. नातेवाईक दोन आणि आजारी एकही नाही, असलं जोडकाम त्यांनी आयुष्यात पास केलं नव्हतं. त्यांना भारनियमनाचे दिवस आठवले. तेव्हा या गल्लीचे दिवे गेले की त्या गल्लीचे असायचे. माणसं ताटं घेऊन तिकडे जेवायला जायची. अंधार सगळ्यांच्याच वाट्याला यायचा, पण पाळीपाळीनं. हे त्यांनी काकूंना समजावून सांगितलं.

"म्हणजे मी विसरेन तेव्हा तुम्हाला आठवेल?"

"आणि तसंच उलट. एकदम दोघांचं जायला नको, एवढंच."

काकूंनी थोडा विचार केला. "तोंडी सांगून काही होत नसतं. लिहा," त्या म्हणाल्या आणि ताईंकडे वळून, कागद मिळावा, अशी मागणी केली. काकूंनी सांगितलं, काकांनी लिहिलं. अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते मात्र दोघांनाही सुचेना, म्हणून ती जागा कोरी राहिली.

प्रति,
................

विषय: विस्मरणाच्या वेळापत्रकाबाबत.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, खाली सही करणारे पती-पत्नी एकाच घरात राहत असून दोघांनाही विस्मरणाचा आजार मंजूर झाला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि, सम तारखेस अर्जदार क्र. १ (पती) व विषम तारखेस अर्जदार क्र. २ (पत्नी) यांनीच विसरावे, अशी व्यवस्था व्हावी. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येत असल्याने अर्जदार क्र. २ यांच्यावर सलग दोन दिवस भार पडतो. अशा वेळी एक तारखेचे विस्मरण अर्जदार क्र. १ स्वतःकडे घेण्यास तयार आहेत. दोघांचे एकदम जाणे अटळ असल्यास आदल्या दिवशी लेखी पूर्वसूचना मिळावी, म्हणजे गॅस बंद करून ठेवता येईल. मात्र त्या काळातही अर्जदारांची एकमेकांशी असलेली ओळख ही अत्यावश्यक सेवा समजून अखंड चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.