कोपऱ्यातला साक्षीदार

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ब्लॉक आहे, आणि जरा हळू धरा हं मला, कारण आता मी नखाएवढाही उरलेलो नाही! प्लास्टिकची छोटीशी चौकट, तिच्यात मेण, आणि मेणात रुतलेला मांसाचा एक चिमुकला तुकडा. तो तुकडा म्हणजे मी. एका बाईंचं गर्भाशय साध्या गाठींमुळे काढलं, त्याच्यासोबत गर्भनलिका आली, अगदी ठणठणीत. तिचाच मी तुकडा. आधी मला फॉर्मॅलिनमध्ये टाकलं, मग गरम मेणात बुडवलं, आणि मग समोर आलं ते काप काढणारं पातं. तेव्हा जी भीती बसली ती बसलीच.

आता माझ्या आतलं सांगतो. माझ्या पेशींमध्ये पॅक्स-८ नावाचा एक जीन आहे. त्याचं प्रथिन स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, नुसता मुकादम! पेशीच्या केंद्रकात बसून बाकीच्या जीनना हुकूम सोडतं, तू ऊठ, तू गप्प बस. बाळ पोटात घडत असताना गर्भाशय नि नळ्या उभारायला हाच मुकादम लागतो. माझ्यात तो शहाण्यासारखा वागतो. पण अंडाशयाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये, गर्भाशयाच्याही कितीतरी कॅन्सरमध्ये, हाच ठाण मांडून बसलेला असतो, आणि तिथे पेशींच्या बेफाम वाढीला त्याचा हातभार लागतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र तो सहसा नसतो. म्हणून पोटात गाठ सापडली आणि ती मुळात कुठली तेच कळेना, की लॅबमध्ये त्याला शोधतात. गाठीचा पातळ काप काचेवर ठेवून त्यावर मुकादमाला रंगवणारं एक औषध सोडतात. मुकादम असला तर तपकिरी ठिपके, नसला तर नुसतं निळं.

पण औषधच खोटं निघालं तर? त्यासाठी मी! प्रत्येक काचेवर खाली पेशंटचा काप, वरच्या कोपऱ्यात माझा. माझ्यात मुकादम आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत. मी तपकिरी झालो म्हणजे तपासणी खरी. म्हणून लॅबमध्ये माझं नाव साक्षीदार.

माझे काप काढायचे ते पातळकाका. कांद्याचं साल जाड वाटावं इतके पातळ! "चला साक्षीदार, कोर्टात हजर व्हा," म्हणत मला बर्फावर ठेवायचे. आणि काचा बघणाऱ्या डॉक्टरबाई सुरुवातीला आधी मलाच बघायच्या. "काय रंग धरलाय हो याने!" म्हणायच्या. मी फुलून जायचो. पुढे काचांचे ढीग वाढले आणि बाई सरळ खालीच बघायला लागल्या. माझ्याकडे कशाला बघायचं? मी तर रोज तपकिरीच!

आणि एक दिवस मी निळा आलो.

मित्रांनो, माझा काप काचेवर, खाली एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पोटातल्या गाठीचा काप, आणि दोघंही निळेशार. मी आतून ओरडत होतो, अहो, माझ्यात मुकादम आहे, मग मी निळा कसा? पण मेणाला तोंड कुठलं!

खिडकीशी त्या बाईंची मुलगी उभी. "डॉक्टर, आईचं कळलं का हो? उद्यापासून औषध सुरू करायचंय, पण कुठलं ते तुमच्या कागदावर अडलंय."

"झालंच बघ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निळं आहे. अंडाशयाचं नाही, आतड्याचं वाटतंय. सही केली की देते."

आतड्याचं औषध वेगळं! चुकीचं औषध अंगात जाणार, आणि गाठ आरामात वाढत बसणार. बाईंनी पेनचं टोपण काढलं.

पातळकाकांना एक खोड आहे. काच ट्रेमध्ये ठेवण्याआधी ती उजेडात धरून बघायची. त्यांनी धरली, आणि हात तसाच राहिला.

"बाई, सही थांबवा. साक्षीदार निळा आहे."

"काहीतरीच काय काका! चष्मा पुसा."

"चष्मा पुसलाय. तुम्ही बघा."

बाईंनी मला भिंगाखाली घेतलं. किती वर्षांनी! त्यांनी पेनला टोपण लावलं. काका काचा रंगवणाऱ्या मशीनकडे धावले, त्या रंगाच्या औषधाची बाटली काढली. तारीख कधीच उलटून गेलेली.

"काल मीच ठेवली," काका हळूच म्हणाले. "घाईत तारीख बघितली नाही. चूक माझी."

"आणि मी वरचा कोपरा बघितला नाही," बाई म्हणाल्या.

पुन्हा काप काढायचे ठरले, पण माझ्यात जेमतेम दोन निघणार होते. पहिला पात्यावरच चुरगळला. काका श्वास रोखून बसले. दुसरा निघाला, सलग, पाण्यावर अलगद तरंगला. नवी बाटली. तीन तास. मुलगी बाकावरून हलली नाही.

मी तपकिरी झालो! आणि माझ्या खाली तिच्या आईचा कापही, गच्च तपकिरी.

"अंडाशयाकडचंच आहे गं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"आजार वाईटच. पण आता औषध त्याचंच मिळेल."

मुलगी कागद छातीशी धरून पळत गेली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात काकांनी वही उघडली. त्याच बाटलीतून काल आणखी सहा काचा गेल्या होत्या, घाईत त्या उजेडात धरायच्याही राहून गेलेल्या. सकाळीच सह्या होऊन बाहेर पडलेल्या! बाई फोनवर बसल्या. पाच परत आल्या. सहावी कुणी नातेवाईक दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेलाय, आणि त्याचा फोन नुसता वाजतोय.

मी तर संपलो, चौकटीत कापण्याजोगं काही उरलं नाही. पण त्या सहाव्या काचेवर मी अजून आहे. मित्रांनो, ती कुणाच्या पिशवीत दिसली, तर खालचा तुकडा नंतर बघा. आधी वरच्या कोपऱ्यात मला बघा. मी निळा आहे. मी निळा असायला नको होतो.