मी अस्थिमज्जा नेणारी पेटी

मी थंड पेटी बोलतेय. आइस्क्रीमवाल्याची नव्हे हं, तेवढा मान राखा. माझ्या कारखान्यातल्या बहिणी मासे वाहतात, सरबतं वाहतात. मी माणसांची अस्थिमज्जा वाहते, म्हणून जरा तोऱ्यातच असते.

मध्यंतरी एका शिंपीणबाईंना रक्ताचा आजार झाला. रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं, म्हणून दुसऱ्याची निरोगी मज्जा चढवणं हाच उपाय. सख्खा भाऊ द्यायला तयार होता, पण तपासणीत त्याची जुळली नाही. मग नोंदणी केलेल्या हजारो अनोळखी लोकांत शोधलं, तेव्हा लांबच्या शहरातला एक बेकरीवाला जुळला. ना नात्याचा, ना गोत्याचा. दोघांनी एकमेकांचं नावसुद्धा विचारायचं नाही, असा नियम. मी मात्र दोघांनाही पाहिलंय. पण मी कसली सांगतेय!

बेकरीवाल्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि पिशवी माझ्या पोटात ठेवली. "नीट न्या," तो पडल्या पडल्या म्हणाला. "केक नेताना लोक पार वाट लावतात."

मला न्यायला निवृत्त पोस्टमनकाका होते. विमानतळावर तपासनीस म्हणाला, "पेटी मशीनमध्ये ठेवा."

"नाही ठेवता येत. आतल्या पेशींना क्ष-किरण चालत नाहीत."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, काका."

"मग मला घाला मशीनमध्ये. पेटी काही मी सोडत नाही."

काकांनी मला असं कवटाळलं की माझं झाकण करकरलं. हसू येत होतं, पण भीतीही वाटत होती. तिकडे नव्या मज्जेला जागा व्हावी म्हणून औषधांनी बाईंची स्वतःची मज्जा पार संपवली होती. मी पोचले नसते, तर बाई गेल्याच असत्या. शेवटी मोठे साहेब आले, कागद वाचले आणि मला हातानंच तपासून सोडलं.

दवाखान्यात बाईंचा भाऊ काचेबाहेर फुरंगटून बसला होता. आतल्या बहिणीला फोनवर म्हणत होता, "लहानपणापासून माझ्या ताटातलं उचललंस. आता मी आपणहून देतोय, तर चालत नाही होय?"

"बरं झालं, दादा. नाहीतर जन्मभर ऐकवलं असतंस."

दोघंही हसले. मग दादा तोंड फिरवून रडला.

पिशवी सलाईनसारखी चढवली. "एवढंच?" बाई म्हणाल्या. मला रागच आला. एवढ्या लांबून आणलेलं!

पुढे मी कपाटात पडून होते. नवी मज्जा रुजते की नाही, या काळजीनं जीव अर्धा झाला होता. मग दुसऱ्या एका पेशंटसाठी त्याच दवाखान्यात गेले, तर खाली नोंदणीच्या टेबलापाशी दादा उभा. तपासणीचा नमुना द्यायला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवत होता, तरी तोंड चालूच.

"बहिणीला रुजली," तो नर्सला सांगत होता. "परवा घरी आणली. आल्या आल्या भांडली."

"मग आता तुमची नोंदणी कशाला?"

"तिला नाही चाललो मी. कुणाच्या तरी बहिणीला चालेन."

तुम्हीही फिरवून ठेवा ती काडी. बोलावणं आलं, तर न्यायला मी आहेच.