घाटात माझा श्वास का कोंडत होता

“काटा लालकडं सरकायला लागला की मुकाट गाडी कडंला घ्यायची. अन् इंजिन गार झाल्याबिगर पाण्याचं टोपण उघडायचं नाय, हात भाजंल.”

माझ्या स्टिअरिंगशी जो कोणी बसे, त्याला नानासाहेब हे बजावत. नानासाहेब आता नाहीत. पण त्यांचा आवाज माझ्या पत्र्यात मुरला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या अंगणात मी उभी असते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते आणि माझ्या नशिबी फिरता दवाखाना होणे आले. पंधरा वर्षे मी खेड्यापाड्यांतून औषधे वाहिली. कोणी माझ्यात रडत चढले, तर कोणी हसत उतरले. मग माझी नोकरी संपली आणि मी एका आवारात नुसती गंजत पडले.

तिथून मला नानासाहेबांनी आणले. ते सुतारकामाचे मास्तर. नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी सहा महिने खपून माझ्या पोटात सागवानी पलंग बसवला, छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी लावली. चतुराबाईंनी खिडक्यांना पडदे शिवले आणि कोपऱ्यात देवांसाठी एक फळी मागून घेतली. दोघे नवरा-बायको मला घेऊन कुठल्या कुठल्या देवळांना हिंडले! नदीकाठी मुक्काम पडला की आधी देवापुढे दिवा लागे आणि मगच चहाचे आधण चढे. एवढे देऊळ-दर्शन तर माणसांनाही घडत नाही. देवाचे आणि त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी नानासाहेब गेले. जाताना त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. त्यांची थोरली बहीण पारूबाई पाठीचा मणका दुखावल्यापासून याच घरात अंथरुणाला खिळल्या आहेत. घटकाभरसुद्धा त्यांना बसवत नाही. “ताई, तुला झोपवून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेतो,” असा शब्द नानासाहेबांनी दिला होता. तो राहून गेला. तेराव्याच्या दिवशी चतुराबाईंनी नणंदेचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, “वन्सं, त्यांचा शब्द आता माझा.”

कोणी म्हणाले, अँब्युलन्स सांगा. पारूबाई पडल्या पडल्या फणकारल्या, “तसल्या गाडीतून देवाला जाऊ व्हय? देव म्हनंल, ही तर थेट वरच पोचली!”

म्हणजे मीच हवी होते. आणि नेमका मीच दगा दिला.

पहिल्या खेपेला चतुराबाईंचा मुलगा इंद्रजीत गाडी चालवत होता. दौलताबादपर्यंत मी छान गेले. किल्ल्यापुढचा घाट लागला, वेग मंदावला आणि माझ्या छातीत आग पेटली. काटा लालकडे धावला. इंद्रजीतने मला कडेला घेतले. बोनेटमधून वाफेचे लोट निघाले. आत पलंगावर पारूबाई घामाने भिजल्या होत्या, पाठीच्या कळेने त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाल्या, “मला न्यायला निघालात अन् घाम हिलाच फुटला! माझ्याहून लई नखऱ्याची हाय ही बया.”

आम्ही अर्ध्या घाटातून परतलो.

शहरातल्या एका मिस्त्रीने माझा पाण्याची उष्णता सांभाळणारा थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा ताणला, जुन्या रबरी नळ्या काढून नव्या घातल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा निघालो. पुन्हा तोच घाट, त्याच वळणावर तीच वाफ. या वेळी पारूबाई डोळे मिटून पडून राहिल्या. तो मिस्त्री म्हणाला, “इंजिनच संपलंय, साहेब.”

घरी आल्यावर इंद्रजीत आईशी जरा जोरातच बोलला. “आई, लई झालं आता. आत्याचे हाल बघवंनात मला. अजून एकदा तापली ना, तर मी हिला भंगारात घालणार. मग तू काही बोलू नको.”

चतुराबाई मुळातच हळू बोलणाऱ्या. पण दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून कोपऱ्यावरच्या मोहियोद्दीनच्या गॅरेजात गेल्या.

मोहियोद्दीन वयाने इंद्रजीतएवढा. तो आला आणि त्याने पाना हातातच घेतला नाही. आधी विचारपूस केली.

“काकू, सपाट रस्त्यावर तापते का?”

“नाही रे बाबा. घाटातच.”

“एरवी पाणी कमी होतं? खाली ठिपके पडतात?”

“नाही.”

त्याने तेलाची पट्टी काढून बघितली. तेल स्वच्छ होते, त्यात पाणी उतरले नव्हते. “मग इंजिन संपलं कोण म्हणतं हो हिचं? हिला हवा मिळंना झालीय. ज़रा ठहरो.”

मित्रांनो, इंजिनातले तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते. तिथे पातळ पत्र्याच्या बारीक पाकळ्या असतात. त्यांच्या फटींतून वारा गेला की पाणी निवते. सपाटीला वेगाचा वारा जोरात घुसतो. घाटात मात्र गाडी सावकाश चालते आणि इंजिनाला कष्ट जास्त पडतात, म्हणून एकेक फट मोकळी लागते. मोहियोद्दीनने रेडिएटरमागे पेटता दिवा धरला आणि पुढून डोळा लावून बघितले. उजेडाची एक तिरीपही पलीकडे आली नाही.

त्याने रेडिएटर सोडवून जमिनीवर ठेवला. फटींमध्ये भाकरीएवढा जाड थर बसला होता. त्याने काडीने थोडे टोकरले आणि तो एकदम थांबला. चतुराबाईंकडे बघून त्याने नजर चुकवली.

“किडे-बिडे अडकलेत, काकू. होता है. तुम्ही घरात जावा, उन्हात नका उभ्या राहू.”

पण चतुराबाई खाली वाकल्या होत्या. त्यांनी चिमटीत एक कण उचलला. पिवळा तांदळाचा दाणा. त्याला चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी.

सांगते. नानासाहेब गेल्यापासून चतुराबाईंनी एक नेम धरला होता. सकाळी देवपूजा झाली की त्या माझ्यापुढे येत, हळद-कुंकू वाहत, रेडिएटरपुढच्या जाळीवर चिमूटभर अक्षता टाकत आणि तिच्यातच एक झेंडूचे फूल खोवत. धन्याची आठवण म्हणून, मायेने. एकही दिवस चुकला नाही. पावसाळ्यात तांदूळ भिजून त्याची खळ व्हायची आणि त्यावर धूळ बसायची. मी पहिल्यांदा तापले तेव्हा त्यांना वाटले, आपल्याच सेवेत काही कमी पडले. त्या दोन चिमटी वाहू लागल्या. दुसऱ्यांदा तापले, तर ओंजळभर. मलाही कळले नाही हो! ते गार बोट रोज कपाळाला लागायचे, मी त्यातच सुखावत होते.

“हे माझंच आहे,” चतुराबाई म्हणाल्या. “माझ्याच हातानं मी वन्संची वाट अडवली.”

मोहियोद्दीन उकिडवा बसल्या बसल्याच म्हणाला, “काकू, आमची अम्मी माझ्या रिक्षाभोवती रोज लोबान फिरवते. धूर माझ्या डोळ्यांत जातो, रिक्षाला काय होत नाय. मायेनं कुणी बिघडत नसतं. फक्त जाळीत नका टाकू. बाहेर कुठंही वाहा ना.”

त्याने रेडिएटर दिवसभर पाण्यात भिजत घातला. मग मागच्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडली. जोराची मारली तर पाकळ्या मुडपतात. पिवळे पाणी वाहत अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले.

संध्याकाळी इंद्रजीत आला. चतुराबाईंनी काही लपवले नाही. खाली मान घालून सगळे सांगितले. त्याला हसू आवरेना. “आई, तू हिला जेवढं जेवू घातलंस, तेवढं मला पण नाही घातलंस गं!” आणि मग त्याने आईचा हात धरून ठेवला, बराच वेळ.

पण भंगाराचा शब्द अजून हवेत होताच. म्हणून मोहियोद्दीनने दुसऱ्या दिवशी माझ्यात गव्हाची सहा पोती टाकली, इंद्रजीतला शेजारी बसवले आणि भर दुपारच्या उन्हात मला घाटात घातले. ते वळण आले. इंद्रजीत रस्त्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर काट्यावर खिळली होती. काटा मधोमध होता. वर पोचेपर्यंत तो तिथून हलला नाही. माझ्या छातीतून गार वारा आरपार वाहत होता. मित्रांनो, मोकळा श्वास म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळले.

चतुराबाईंनी नेम सोडला नाही, रीत बदलली. आता त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने माझी जाळी पुसतात, इंजिन गार असताना पाणी बघतात आणि वाहायचे ते चाकापुढच्या भुईवर वाहतात. तिथे चिमण्या येतात.

तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी जुने असेल. त्याच्यावर माया करा. पण ती माया त्याला कुठे टोचते, कुठे कोंडते, हेही वाकून बघा. आणि ज्याने प्रेमाने चूक केली, त्याला ती हळू आवाजात सांगा, मोहियोद्दीनसारखी.

आज सोमवार आहे. श्रावण सरला, गर्दी ओसरली. चतुराबाईंनी पलंगावर धुतलेली चादर घातली. इंद्रजीत आणि मोहियोद्दीन यांनी पारूबाईंना सतरंजीसकट अलगद उचलून आणले.

“कुठं नेता गं मला?”

“जरा वारं खायला, वन्सं.”

दोनदा अर्ध्यातून परतलेल्या नणंदेची पुन्हा आस मोडू नये म्हणून चतुराबाईंना आधी काहीच सांगायचे नव्हते. पारूबाईंनी भावजयीच्या तोंडाकडे निरखून बघितले.

“वारं खायला लुगडं कशाला बदलायचं म्हणा,” त्या म्हणाल्या. “पन माझं हिरवं काढ. तेच नेसव.”

मोहियोद्दीनने फाटक उघडून धरले. आत पडदे ओढून चतुराबाईंनी त्यांना हिरवे लुगडे नेसवले, केस विंचरले आणि त्या उशाशी बसल्या. मग इंद्रजीतच्या पाठीमागच्या फळीवर दोनदा टकटक केले. इंद्रजीतने किल्ली फिरवली. हॉर्न न वाजवता मी वेरूळकडे, दौलताबादच्या रस्त्याला लागले.