एरंडेलसाहेबांचा निरोप

टायपिस्टबाईंना हवं तेव्हा रडता यायचं. पाणीपुरवठा ऑफिसात कुणी रिटायर झालं की निरोपाचं भाषण त्यांच्याच गळ्यात. तिसऱ्या वाक्याला आवाज घोगरा, पाचव्याला रुमाल. माणूस कितीही नकोसा असो, घरी जायचा तो गहिवरूनच.

आज पाळी साहेबांची होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सदानकदा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा, म्हणून पाठीमागे ते एरंडेलसाहेब. आणि नेमकी आजच सकाळी बाईंची दाढ काढावी लागली. इंजेक्शनने उजवा गाल पार बधिर.

"दुफऱ्या कुणाला तरी फांगा हो," त्या हेडक्लार्कला म्हणाल्या.

"छे! तुमच्याशिवाय रडणार कोण? आम्ही तर एकदाचे सुटलो म्हणून..." हेडक्लार्कने जीभ चावली.

बाई उभ्या राहिल्या. "फाहेब आम्हाला वडिलांफारखे..."

मागे कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. बाईंनी रडवेलं तोंड करायचा जिवापाड प्रयत्न केला. पण उजवी बाजू ढिम्म, डावी तेवढी वर गेली. दिसायला अगदी खुदकन हसल्यासारखं. हेडक्लार्कने कपाळावर हात मारला.

साहेब ताडकन उठले. "बाई, तुम्ही हसताय?"

"नाही फाहेब! हे दुःख आहे!"

साहेबांचे खांदे गदगदा हलू लागले. छातीत कळ आली की काय, म्हणून शिपाई पाणी आणायला धावला. पण साहेब चक्क पोट धरून हसत होते.

"नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या भावाने बजावलं होतं," डोळे पुसत ते म्हणाले, "ऑफिसात हसलास तर तुला कुणी जुमानणार नाही. काही गमतीचं सुचलं की मी बाथरूममध्ये जाऊन हसून यायचो."

"म्हणजे ते पोटाचं दुखणं नव्हतं?" पाण्याचा ग्लास धरून शिपायाने विचारलं.

मग साहेबांनी इतक्या वर्षांत साठवलेला एक विनोद सांगितला. गळक्या नळाचा आणि बहिऱ्या बादलीचा. इतका रद्दड, की विचारू नका. तरी साहेबांचा विनोद म्हणून सगळा हॉल खो खो हसला.

"अहो, आता कशाला हसताय?" साहेब म्हणाले. "मी रिटायर झालो ना!"

आता तोंड कसं करायचं, कुणालाच कळेना. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"विनोद भिकार होता, फाहेब," बाई म्हणाल्या.

"बघा! मलाही केव्हाची तीच शंका होती," म्हणत साहेबांनी खुशीत खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा सांगायला घेतला.