बर्फातली चिठ्ठी

उत्तर ध्रुवाकडच्या त्या लहानशा गावात चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुतुलिकने हरणाच्या कातड्यातून बर्फाची लादी बाहेर काढली. लादीच्या पोटात चिठ्ठी!

“तळं गोठायच्या आदल्या दिवशी देवाने माझ्याकडून लिहून घेतलं, मी पाण्यात सोडलं,” पुतुलिक म्हणाला. “तळं गोठलं सप्टेंबरात. विमान पडलं ऑक्टोबरात. आता बोला!”

लादी फोडून चिठ्ठी वाचली गेली: ‘घरात भांडून निघालेला माणूस मालाच्या विमानाला भोवेल. कुणाचा दोष शोधू नका.’

सगळ्यांच्या माना सियासीकडे वळल्या. त्या विमानात गावचा एकच माणूस होता: सामान चढवणारा-उतरवणारा कुमालुक, तिचा नवरा. त्या सकाळी तिच्याशी भांडूनच तो गेला, आणि परत येताना विमान धुक्यात टेकडीवर आदळून तो गेला. भांडणाचं तिने एकालाच सांगितलं होतं, पुतुलिकला, आपल्या सख्ख्या भावाला.

“नवऱ्याला खाल्लंस गं बाई!” म्हातारी अर्नाक म्हणाली. सियासीलाही ते पटलं, हे सगळ्यात वाईट.

पुतुलिकने बर्फाचे तुकडे प्रसादासारखे वाटले. सियासीने घरी अर्धा तुकडा वाटीत वितळवून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. इथली माणसं चहाला तळ्याचाच बर्फ घेतात, कारण गाडीने घरोघरी येणाऱ्या पाण्याला औषधाचा वास मारतो. तोच वास! तिने उरलेला तुकडा उजेडात धरला. तळं वरून खाली गोठतं, त्याचा बर्फ काचेसारखा असतो. हा एका बाजूला दुधाळ होता, डब्यात चहूबाजूंनी गोठलेल्या पाण्याच्या मधल्या भागासारखा.

पुढच्या रविवारी तिने चर्चमध्ये आपलीही लादी आणली. आत चिठ्ठी: ‘काल संध्याकाळी आपला हॉकीचा संघ चार-दोनने हरला.’

“हे मी सप्टेंबरात लिहिलं का रे, दादा?”

लोक फिदीफिदी हसले.

“तेलाचा रिकामा डबा, घरचं पाणी आणि बाहेरची एक रात्र. चमत्कार संपला! याचा प्रसाद चाखा नि त्याचा आठवा. चहा पिणारी माणसं ना तुम्ही?”

लुकासीकाकांनी चाखलं आणि पचकन थुंकले. “हीच चव! फसवलं की लेकाने!”

“दोष शोधू नका म्हणे! धावपट्टीवरून वैमानिकाला हवा कोण कळवतं, दादा? तूच ना?” सियासीने विचारलं.

पुतुलिकने अखेर कबूल केलं. “सकाळी ‘हवा स्वच्छ’ कळवून मी सीलच्या शिकारीला गेलो... धुकं नंतर उतरलं, ते कळवायला मी तिथे नव्हतो. नोकरी जाईल म्हणून ही चिठ्ठी...”

“मला सांगायचंस!” सियासीला रडू कोसळलं. “शिव्या दिल्या असत्या, पण भाऊ म्हणून जवळ केलं असतं. तू माझंच दुःख माझ्या गळ्यात दगडासारखं बांधलंस. आठवडाभर मी स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजतेय!”

अर्नाकने मान खाली घातली.

“नवराबायकोच्या भांडणाने विमानं पडत असती, तर आभाळात एकही उरलं नसतं,” सियासी लोकांकडे वळून म्हणाली. “ती का पडतात ते शोधावं लागतं. उद्या चौकशीवाले येतील तेव्हा देवाचं नाव पुढे करू नका, धुक्याचं सांगा. पुढच्या विमानात तुमची माणसं असतील.”