बुधीबाईचा गेरू

बुधीबाईने पिशवीतून चित्र काढलं, कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवून उभं केलं आणि म्हणाली, "आता बघ, बाय. खोटा कोण?"

संगिता बघत राहिली. कापडावरचा गेरू नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा तांबडा होता. पडद्यावर तेच चित्र, पण राखेत लोळून आल्यासारखं. आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं? कापडावर त्यांचे हातपाय बांबूच्या काडीने ओढलेले, केसाएवढे बारीक. पडद्यावर त्यांची नुसती गिचमिड झालेली.

चाळीस वर्षं बुधीबाई लग्नघरांच्या भिंतींवर लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, लिहीत आली होती. तिच्या पाड्यावरच्या सात बायकांची वारली चित्रं लोकांना दिसावीत म्हणून संगितानेच हौसेने साइट बनवली होती. तलासरी नाक्यावर तिचं फोटो-झेरॉक्सचं दुकान. पासपोर्ट फोटो, लग्नाचे आल्बम, लॅमिनेशन यांत तिची वीस वर्षं गेलेली. फुकटात साइट उभी करून देणारं एक सॉफ्टवेअर तिने चार रविवार खर्चून शिकून घेतलं, चित्रांचे फोटो काढले, चढवले, आणि आपण मोठं काम केलं म्हणून आठवडाभर मिरवली.

मग पुण्याच्या एका दुकानातून यतीन नावाच्या माणसाचा फोन आला. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी चित्रं तो निवडत होता. चित्रं छान आहेत म्हणाला, पण रंग मेलेला आहे. बाजारातला तांबडा पोस्टर कलर वापरून नवीन काढणार असाल तर शनिवारी चारपर्यंत कळवा, नाहीतर तुमची नावं यादीतून काढतो. संगिताने तो निरोप पाड्यावर धाडला. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण बाईसाहेबांनी वर स्वतःची अक्कलही जोडली की, थोडा बाजारचा रंग मिसळला तर काय बिघडतं?

बिघडलं ते हे. शनिवारी दुपारी दोन वाजता बुधीबाई टमटममधून उतरली आणि दुकानात येऊन उभी राहिली.

"माझी माती डोंगराची हाय," ती म्हणाली. "आयेनं दाखवलेल्या जागेची. बाजारचा रंग लावून मी चौक लिहिणार नाय. यादीतून काढतो तर काढू दे."

ती स्टुलावर बसली आणि उठायचं नाव घेईना. संगिताला आधी राग आला, मग लाज वाटली. चूक मातीची नसेल तर कुणाची, हे आता शोधायलाच हवं होतं.

तिने मूळ फोटो आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. तिथे गेरू अगदी कापडावरच्यासारखा. मग साइटवर गेल्यावर त्याला काय होतं? तिने साइटवरचा फोटो परत उतरवून पाहिला. चौदा एमबीचा फोटो जेमतेम तीनशे केबीचा होऊन आला होता. माहितीच्या चौकटीत कलर प्रोफाइलची जागा रिकामी होती.

तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली. फोटोबरोबर एक चिठ्ठी जाते, यातला रंग कसा वाचायचा ते सांगणारी. साइटचं सॉफ्टवेअर जड फोटो दाबून हलका करताना बारीक रेषा पुसत होतं आणि ती चिठ्ठीही फेकून देत होतं. चिठ्ठी नसली की ब्राउझर आपल्या साध्या हिशेबाने रंग वाचतो. साध्या सेटिंगच्या फोटोला त्याने फरक पडत नाही. पण संगिताचा कॅमेरा साध्या सेटिंगवर नव्हता. सात वर्षांपूर्वी वापीच्या लॅबवाल्याने तो आल्बमसाठी बदलून दिला होता. "बेन, आ ज राखजो," म्हणाला होता, हेच ठेवा, नवरीच्या साडीचा लाल छान उठेल. तो उठतही होता. तेव्हापासून तिने त्या सेटिंगला हात लावला नव्हता. नवरीच्या साड्यांपायी बुधीबाईची माती राखेत गेली होती.

"बुधीबाई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमच्या मातीची नाही."

"ते मी आल्या आल्या बोलले," बुधीबाई म्हणाली.

संगिताने फोटोचा रंग साध्या प्रोफाइलमध्ये बदलला. मग साइटला दाबायला काही उरू नये म्हणून फोटो आपणच लहान केला, बारीक रेषा जराशा धारदार केल्या आणि पुन्हा चढवला. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. नाचणाऱ्यांचे पाय सुटे झाले. मागची माती तांबडी झाली. बाकीची चित्रं चढवेपर्यंत पावणेचार वाजले.

यतीनचा फोन आपणहून आला. आता कसं झकास दिसतंय म्हणाला, बदललात ना रंग? नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"नाही," संगिता म्हणाली. "रंग तोच आहे. फोटो मी चुकीचा चढवला होता. आणि माती डोंगराची आहे, दर चित्राचा गेरू थोडा वेगळाच असणार. चालत असेल तर घ्या, नसेल तर नावं काढा."

 तो म्हणाला, ठीक आहे, नावं राहू देतो, कलाकाराचा एक फोटोही टाका.

बुधीबाईला तिने पासपोर्ट फोटोच्या कापडी पडद्यासमोर बसवलं आणि फोटो घेतला. कॉम्प्युटरवर तो येताच संगिताचा हात सवयीने उजळ करायच्या बटणावर गेला. नाक्यावरचं प्रत्येक गिऱ्हाईक तेच मागत असे, जरा गोरं करा. बुधीबाईचा चेहरा उजळला आणि कपाळावरचं गोंदण पुसट झालं.

"ही कोण?" बुधीबाईने विचारलं.

 संगिताने केलेलं मागे घेतलं. काळाभोर चेहरा परत आला, गोंदणाचे हिरवे ठिपके परत आले. तसाच तो साइटवर गेला.

पाड्यावर दाखवायला एक प्रिंट काढून देऊ का, असं तिने विचारलं.

"कशाला? घरात मी हाय की," बुधीबाई म्हणाली, आणि चित्र पिशवीत घालून टमटम गाठायला निघाली.